बारक्याच्या गोलाचा मलिदा

मला फुटबॉलमधलं काही कळत नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात आणि पुष्कळदा शून्य-शून्य करून घरी जातात, एवढं मला दिसतं. आमच्या कारखान्यात कोणी दिवसभर राबून शून्य माल काढला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटातून आत सोडला नसता. ह्यांना मात्र लोक टाळ्या वाजवतात. तरी गेली काही वर्षं मी एका जर्मन पोराच्या नादी लागलो आहे. मी लागलो नाही, बायकोने लावलं, आणि ती गेली. पोरगा माझ्या गळ्यात राहिला.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, अलिबागच्या बाजूला. मग मुंबईच्या गोदीत वेल्डिंग, मग इकडे कॅनडात ब्रॅम्पटनला गाड्यांचे पार्ट बनवायच्या कारखान्यात. लिहायची सवय नाही. मुलगी मार्कहॅमला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, पप्पा, आईबद्दल लिहा, बरं वाटेल. लिहायला बसलो तर आईच्या आधी हा जर्मनच पुढे येतो. आता त्याला मी काय करू.

बायकोला पोटाचा कॅन्सर निघाला. औषध चढवायला हॉस्पिटलात जायचो, तिथे खुर्च्यांच्या रांगा आणि वर छताला टांगलेला टीव्ही. त्याच्यावर सदान्‌कदा खेळ. रिमोट कुठे आहे ते नर्सलाही माहीत नव्हतं. एका दिवशी जर्मनीतली मॅच लागली होती. संपायला थोडाच वेळ राहिलेला, तेवढ्यात एका पोराला आत पाठवला. उंच, मान लांब, पाय म्हणजे बांबू. वय अठरा-एकोणीस. धावत आला, पहिला चेंडू पायाशी आला, आणि हा चेंडूवरून कोलमडून तोंडावर पडला.

बायको हसली. किती महिन्यांनी हसली ते सांगता येणार नाही. इतकी हसली की नर्स धावत आली, तिला वाटलं औषध उलटलं.

"अहो, ह्याची आई बघत असेल हो," बायको म्हणाली.

"बघू दे. तिला सवय असेल."

"ह्याला कोणी धड जेवायला घालत नाही. मनगटं बघा."

त्या दिवसापासून तो तिचा झाला. त्याचं खरं नाव तिला उच्चारता येईना, मला अजून येत नाही, म्हणून ती त्याला बारक्या म्हणायची. शेजारी एक नागपूरचा पोरगा राहतो, सॉफ्टवेअरवाला, त्याला फुटबॉलचं भयंकर वेड. त्याने तिला समजावून सांगितलं की बारक्या हा फॉरवर्ड आहे, म्हणजे पुढे उभं राहून गोल मारायचा एवढंच त्याचं काम. बायको म्हणाली, "एवढं एकच काम, तेही करू देत नाहीत. सारखा बाहेर बसवून ठेवतात."

खरं होतं ते. टीम मोठी, त्यात नावाजलेले खेळाडू. बारक्याला शेवटची पाच-दहा मिनिटं आत घ्यायचे. तेवढ्यात हा कधी चेंडू आभाळात मारायचा, कधी आपल्याच माणसाला धडकायचा. एकदा समोर नुसता उघडा गोल होता आणि ह्याने बाहेर मारला. मी म्हणालो, हा मुद्दाम करतो. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मग तिने नवस बोलला.

आम्ही कोकणातले यहुदी, बेने इस्राएल. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी आमचे घाणे बंद. आमच्यात नवस नबीला, म्हणजे देवाच्या प्रेषिताला, बोलतात. काम झालं की मलिदा घालायचा. पोहे भिजवून त्यात साखर, खोबरं, वेलची, बदाम, मनुका. ताटात पाच प्रकारची फळं मांडायची, दहा पुरुष जमवून प्रार्थना म्हणायची आणि मग सगळ्यांनी खायचं. दहाच्या खाली चालत नाही. लग्नाच्या आधी घालतात, बाळंतीण घरी आली की घालतात, इकडे पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळालं की घालतात. फुटबॉलच्या गोलासाठी कोणी घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

हिने त्या खुर्चीत बसून, एका हातात सुई आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर ओढणी घेऊन, नर्सच्या समोर मोठ्याने म्हटलं, "ह्या पोराने ह्या मोठ्या टीमकडून पहिला गोल मारला की मी मलिदा घालीन."

मी म्हटलं, "अगं, सुई तुझ्या हातात आहे आणि नवस जर्मनाच्या पायासाठी?"

"माझ्याकडे डॉक्टर बघतायत. त्याच्याकडे कोण बघतंय? तो कोच तर नुसता घड्याळाकडे बघतो."

हे आमच्या लोकांत पसरलं. आमच्या प्रार्थना चालवणारा हजान माझ्याच गावचा. पूर्वी विमा कंपनीत होता, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत बारीक अक्षरं आधी वाचतो. तो घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, जर्मन? जगात दुसरा पोरगा मिळाला नाही तुम्हाला?"

बायको म्हणाली, "एकोणीस वर्षांचं पोर आहे ते. त्याने कोणाचं काय केलं? त्याला तर साधा चेंडू मारता येत नाही."

हजान चहा पिऊन गेला.

पुढच्या वर्षी बारक्याचा गुडघा गेला. त्याच्या गुडघ्याचा एमआरआय आणि हिच्या पोटाचा स्कॅन एकाच सुमाराला. नागपूरवाला दारात यायचा तर आधी हिची चौकशी करायचा, मग ही त्याला बारक्याची चौकशी करायची. "सूज उतरली का रे? चालून राहिला का?" त्याचीच भाषा त्याला ऐकवायची. तो म्हणायचा, "हो काकू, आता धावून राहिला." मग ही खूश. स्वतःच्या सुजेबद्दल अवाक्षर नाही.

गुडघा बरा झाल्यावर मोठ्या टीमने त्याला खालच्या वर्गातल्या एका टीमला एका सीझनपुरता दिला. त्यांच्यात अशी पद्धत आहे. आपण शेजारी वाटीभर साखर उसनी देतो तसा हे लोक माणूस देतात. तिकडे त्याने गोल मारले, चांगले मारले. मी पोहे काढले. बायकोने डबा परत ठेवायला लावला.

"मोठ्या टीमकडून म्हटलंय मी. नबीला काय फसवायचंय?"

"नबीला वर्ग कळतात का?"

"तुम्हाला कळत नाहीत म्हणून त्याला कळत नाहीत असं नाही."

बारक्या मोठ्या टीमकडे परत आला आणि पुन्हा बाकावर बसला. हिवाळा होता. ही आता घरीच होती, पलंग हॉलमध्ये टीव्हीसमोर लावला होता. शेवटच्या शनिवारी तिला बोलायला जड जात होतं. डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली.

"घेतला का आत?" तिने विचारलं.

"नाही."

"मूर्ख आहेत."

हे तिचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. बायका जाताना नवऱ्याला काही तरी सांगून जातात म्हणे. माझी जर्मन कोचला शिव्या देऊन गेली.

सात दिवस सुतकात बसलो. लोक आले, जेवण आणलं, गेले. मग घरात मी आणि फ्रिजमध्ये लोकांचे डबे. आणि डोक्यात एकच. नवस राहिला. माझी आई म्हणायची, बोललेला नवस फिटल्याशिवाय मेलेलं माणूस मोकळं होत नाही. आई अडाणी होती, मीही अडाणीच. पण रात्रंदिवस ते डोक्यातून जाईना. बायको कुठे तरी बाकावर बसली आहे आणि तो जर्मन गोल मारत नाही म्हणून तिला कोणी आत घेत नाही, असं काही तरी.

मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, इट्स जस्ट फुटबॉल. लेट इट गो." पण मॅच दाखवणाऱ्या चॅनलचे पैसे भरायचे तिने बंद केले नाहीत.

तेव्हा मी मॅच बघायला लागलो. जर्मनीतल्या मॅच इथे शनिवारी सकाळी लागतात, म्हणजे नेमक्या शब्बाथात. बायको शब्बाथला टीव्ही चालूही करायची नाही, बंदही करायची नाही. तिने तोड काढली होती. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत टीव्ही लावून ठेवायचा, आवाज बंद करायचा म्हणजे झोपता येतं, आणि रिमोट कपाटात. मग शनिवारी तो आपोआप चालूच असतो. मी तिच्याइतका पाळणारा नाही. शनिवारी गाडी चालवतो, फोन घेतो. पण टीव्हीचा तिचा नियम मी मोडला नाही. मुक्याने मॅच बघायची. तशी ती बरी वाटते, ते ओरडणारे लोक ऐकावे लागत नाहीत.

आणि एका शनिवारी बारक्याला आत घेतला. अर्धी मॅच बाकी होती. मी उभाच राहिलो. बाजूने कोणी तरी चेंडू आत टाकला, बारक्याने पाय घातला आणि चेंडू जाळ्यात. मुकाट्याने गेला. बारक्या धावतोय, तोंड उघडं, बाकीचे त्याच्या अंगावर चढतायत. मला त्याची ती लांब मान तेवढी दिसली.

मी तिथे एक क्षण थांबलो नाही. थेट किचनमध्ये गेलो, होते तेवढे सगळे पोहे पातेल्यात ओतले आणि वर नळ सोडला. मग लोकांना फोन. हजान शनिवारी फोन उचलत नाही, म्हणून गाडी काढली. त्याच्या गल्लीच्या आधीच्या गल्लीत लावली आणि पुढे बर्फातून चालत गेलो, म्हणजे त्याला वाटावं चालत आलो.

"एवढ्या थंडीत चालत आलास?" हजान म्हणाला.

"मारला त्याने."

त्याला आधी वाटलं कोणी कोणाला मारलं. मग कळलं. "मोठ्या टीमकडून?"

"मोठ्या टीमकडून. मी डोळ्यांनी बघितला."

"मग आज शब्बाथ सुटला की घालू. दहा जण जमव."

दहा जमवणं म्हणजे काय ते ज्याने इथे केलं आहे त्याला विचारा. मुंबईत जिन्यावरून हाक मारली की वीस यायचे. इथे एकाला गुडघा, एकाला नातवाचा हॉकीचा क्लास, एक फ्लोरिडाला. नऊ झाले. दहावा ग्वेल्फला राहणारा एक जण, तो बर्फ बघून येईना. मी त्याला सांगितलं, तुझ्या बायकोच्या मलिद्याला मी आलो होतो. तो म्हणाला, माझी बायको जिवंत आहे. मी म्हटलं, तिला नोकरी लागली तेव्हा. मग तो आला.

संध्याकाळी सगळे जमले. मुलगी मार्कहॅमहून फळं घेऊन आली. इतका वेळ पाण्यात राहून पोह्यांचा लगदा झाला होता. पिळून काढले तर हातात गोळा आला, वेल्डिंगला लावता आला असता. त्यात साखर, खोबरं कोंबलं. हजानने ताटाकडे बघितलं.

"पोहे कधी भिजवलेस?"

"संध्याकाळी."

"हे पोहे गेल्या पासोव्हरच्या सणापासून भिजतायत."

कोणी तरी हसलं. टोप्या घातल्या, उभे राहिले. हजानने पुस्तक उघडलं. तेवढ्यात बेल वाजली. नागपूरवाला, हातात त्याच्या बायकोने दिलेला डबा. एवढी माणसं टोप्या घालून उभी बघून तो बावरला.

"काका, कोणाचं काही...?"

"ये, ये. बारक्याच्या गोलाचा मलिदा आहे. काकूचा नवस होता."

त्याने डबा खाली ठेवला, परत उचलला.

"काका, तो गोल तर रद्द झाला ना."

"कोणी केला रद्द?"

"व्हिडिओ बघून. दोन-तीन मिनिटं बघून राहिले होते ते लोक. ऑफसाइड होता. म्हणजे चेंडू दिला तेव्हा खांदा जरासा पुढे होता त्याचा."

"खांदा? अरे त्याने पायाने मारला."

"हो काका, पण खांदा पुढे होता. एवढा." त्याने दोन बोटं दाखवली. "आवाज नव्हता का टीव्हीला?"

आवाज नव्हता. आणि मी किचनमध्ये पोहे बुडवत होतो.

हजानने पुस्तक मिटलं. "मग नवस लागू होत नाही," तो म्हणाला. विमा कंपनी बोलली.

"चेंडू आत गेला ना?" एक जण म्हणाला. "जाळ्यात गेला की नाही?"

"गेला, पण धरला नाही," हजान म्हणाला.

"जर्मनीतल्या रेफरीचं नबीवर चालतं का?"

"नवस गोलाचा आहे. गोल कुठला ते खेळाच्या नियमाने ठरणार. झालेलं नाही त्याबद्दल आभार मानायचे म्हणजे नबीच्या तोंडावर खोटं बोलायचं."

ग्वेल्फवाला म्हणाला, "मी ग्वेल्फहून आलोय. वाटेत दोन गाड्या खड्ड्यात पडलेल्या बघितल्या. मी मलिदा खाल्ल्याशिवाय जाणार नाही. गोलाचा असो नाही तर वांग्याचा असो."

सगळे एकदम बोलायला लागले. नागपूरवाला कोपऱ्यात उभा, त्याला वाटलं आपण काही तरी फोडलं. मुलगी त्याला हळूच म्हणाली, "नॉट युअर फॉल्ट." मी ताटासमोर बसलो.

हजान खाली माझ्या बाजूला बसला. "तू एवढं का लावून घेतोस?" हळू विचारलं त्याने.

"ती वाट बघत गेली. तिचा नवस अडकून राहिलाय. ती मोकळी व्हायला नको?"

"अरे, ती मोकळीच आहे. अट पुरी झाली नाही तर नवस देणं लागत नाही. ती गेली तेव्हाच मोकळी झाली. तिच्याकडे कोणाचं काही नाही."

त्याने हे चांगल्या मनाने सांगितलं. ह्याच्यासाठी मी महिनोन्‌महिने झुरलो होतो, तेव्हा ऐकून हलकं वाटायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, हातातलं काम काढून घेतलं. ती मोकळी, म्हणजे मी तिच्यासाठी करायचं काहीच उरलं नाही. औषधाच्या गोळ्या नाहीत, पाणी गरम करायचं नाही, आता शनिवारही नाही. रिटायर झालो त्या दिवशी मशीनची चावी दिली होती, तसं.

"मग तो नवस माझ्या नावावर कर," मी म्हणालो.

"दुसऱ्याचा नवस आपल्या नावावर होत नाही. तुझा तू नवीन बोलू शकतोस."

"मग बोलतो."

"तुला त्या पोराचं एवढं काय आहे?"

"काही नाही. गाढव आहे तो. उघडा गोल चुकवतो. पण बोलतो."

मग सगळे, आमचेच लोक ते, मदतीला आले. एक म्हणाला, ह्या वेळी अट नीट घाल, व्हिडिओ बघून झाल्यानंतरचा गोल असं म्हण. दुसरा म्हणाला, पेनल्टी धरणार का ते आधी ठरव. तिसरा म्हणाला, खालच्या वर्गातला पण धर रे, तुझं वय काय, त्या पोराचा खेळ काय. नागपूरवाल्यालाही तेव्हा जरा धीर आला, तो म्हणाला, "काका, मैत्रीच्या मॅचेस पण असतात. त्यात चान्स जास्त." हजान सगळं ऐकून मान हलवत होता, जणू पॉलिसी लिहून घेतोय.

मी म्हटलं, "तिने म्हटलं तसंच. मोठ्या टीमकडून पहिला गोल. त्यात काही कमी करायचं नाही."

"आणि त्याने मारलाच नाही तर?" मुलीने विचारलं. मराठीत विचारलं. खाली बसून संत्री सोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"मारेल."

"कधी?"

"मला घाई नाही."

तिने सोललेलं संत्रं माझ्या हातात दिलं. ते ताटातलं होतं, अजून प्रार्थना व्हायची होती. हजानने बघितलं आणि ताटात दुसरं संत्रं ठेवलं.

मग तोड निघाली. मलिदा आभाराचाच असतो असं नाही, मागण्याचाही असतो. लग्न ठरायच्या आधी, प्रवासाला निघताना घालतात तो. मी डोक्यावर टोपी नीट केली आणि मोठ्याने मागितलं. मागताना त्याचं नाव घेता येईना, म्हणून बारक्याच म्हटलं. ज्याच्यासाठी मागायचं त्याच्या आईचं नाव सांगावं लागतं आमच्यात, ते तर कोणालाच माहीत नव्हतं. हजान म्हणाला, नबी शोधून काढेल. प्रार्थना झाली, गाणं झालं. दहा जणांत सूर एकाचाच बरा, बाकी नऊ जण त्याला बुडवायला टपलेले. मग तो लगदा सगळ्यांनी खाल्ला. ग्वेल्फवाल्याने दोनदा घेतला आणि जाताना म्हणाला, वहिनीच्या हाताला ही चव नव्हती. चांगलं म्हणाला की वाईट ते मी विचारलं नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. बारक्या अजून कोराच आहे. मध्ये एकदा त्याने चेंडू खांबावर मारला, तो खांबावरून रेफरीच्या पाठीत बसला. परवा शेवटची दहा मिनिटं आत घेतला, तर पहिल्याच मिनिटाला पिवळं कार्ड खाऊन बसला. मी टीव्हीसमोर उभा राहून त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. नागपूरवाला म्हणतो, काका, ह्या उन्हाळ्यात ते त्याला विकून टाकतील बहुतेक, मग कुठली मोठी टीम आणि कुठला पहिला गोल. मी हजानला फोन करून विचारलं, तसं झालं तर काय. तो म्हणाला, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. तोपर्यंत शुक्रवारी ऊन उतरायच्या आत मी टीव्ही लावतो, आवाज बंद करतो, आणि पोहे डब्यात ठेवतो. रेफरीने शेवटची शिट्टी वाजवलेली दिसेपर्यंत आता भिजवत नाही.